पलीकडची साखळी

तमाम वाचकांस, विशेषतः फराळाची ताटली मांडीवर घेऊन हा अंक चाळणाऱ्या मंडळींस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की आपल्या वर्धा जिल्ह्यात एक उचलता पूल आहे. जुन्या भुईकोटांच्या खंदकावर असायचा तसा. शत्रू दिसला की साखळ्या ओढायच्या, पूल वर, दरवाजा बंद. असा पूल हिंगणघाट तालुक्यात, अल्लीपूरच्या पुढे, यशोदा नदीवर आहे आणि गेली सव्वीस वर्षं त्याचा किल्लेदार मी आहे. कोणाला खोटं वाटत असेल तर त्याने पावसाळ्यात यावं. येताना छत्री आणावी आणि परत जायची घाई घरीच ठेवावी.

आता खरं सांगतो. आमचा पूल उचलला जात नाही. तो बिचारा जन्मापासून आहे तिथेच आडवा पडलेला आहे. आमच्याकडे नदी वर येते. पण शेवट तोच होतो. अलीकडचे अलीकडे राहतात, पलीकडचे पलीकडे राहतात, आणि मध्ये साखळी धरून एक माणूस उभा असतो. तो मी.

सरकारी कागदावर या पुलाला लांबलचक नाव आहे. आम्ही त्याला रपटा म्हणतो. नदीच्या पात्रात ठेंगणे खांब, त्यावर सिमेंटची पाटी, एका वेळी एकच ट्रॅक्टर जाईल एवढी रुंद. माझ्या पावलांनी एकशे चाळीस पावलं. पूर आला की पाणी पाटीवरून जातं, पूर ओसरला की पूल पुन्हा बाहेर येतो, अंग झटकतो आणि कामाला लागतो. अलीकडे माझं गाव बोरखेडी. तिथून डांबरी रस्ता अल्लीपूरला आणि पुढे वर्ध्याला जातो. पलीकडे पारडी, साठ-सत्तर घरांची. पारडीला दुसरी वाट आहे, पण ती काळ्या मातीतून जाते. पावसाळ्यात त्या वाटेवर चप्पल गेली तर दिवाळीनंतर सापडते. म्हणजे चार महिने पारडीला बाहेरचं जग या रपट्यावरूनच.

मी रस्त्याच्या खात्यात मैलकुली म्हणून लागलो. खड्डे भरायचे, गवत काढायचं, मैलाच्या दगडांना चुना मारायचा. पुढे मुकादम झालो. माझ्या हाताखाली तीन माणसं आली आणि गळ्यात शिट्टी आली. पण मला विचाराल तर माझी खरी नोकरी वर्षातून दोनच दिवसांची. एक मृगाच्या आधीचा, एक दसऱ्याच्या आसपासचा.

मृगाच्या आधी आम्ही पुलाचे कठडे निजवतो. लोखंडी पाइपांचे कठडे असतात, बुडाशी खिळी असते. खिळी काढली, घणाचा एक ठोका दिला, की कठडा पाटीवर आडवा होतो. दसऱ्याला पुन्हा उभा. दर नवा साहेब पहिल्या वर्षी हेच विचारतो, "अरे, कठड्याची गरज पावसाळ्यातच आहे, आणि तुम्ही पावसाळ्यातच पाडता?" मला हे काम शिकवणारे मारोतीमामा, आमचे जुने मुकादम, त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. तंबाखू दाढेखाली सरकवून ते म्हणायचे, "साहेब, नदी एकटी येत नाई. झाडं, फांद्या, कोनाच्या गोठ्याचं छप्पर, समदं घेऊन येते. ते कठड्याले अटकलं का कठडा भिंत होते. आन् भिंत झाली का नदी पूल घेऊनच जाते." साहेब मान हलवायचे. मग आम्ही ठोके घालायचो, आणि संध्याकाळी पूल असा दिसायचा, जसा पागोटं काढून ठेवलेला म्हातारा.

कठडे निजवले की सगळ्यात जास्त राग यायचा तो पारडीच्या श्रावणभाऊंच्या बैलाला. श्रावणभाऊ म्हणजे नाकासमोर चालणारा, हळू बोलणारा माणूस. तीन एकर शेती आणि एक कमालीचा हट्टी पांढरा बैल. तो बैल कठडा नसलेल्या पुलावर पाय ठेवायचा नाही. ओढा, मारा, वैरण दाखवा, तो पुढचे पाय रोवून उभा. मग श्रावणभाऊंनी एक तोड काढली. बैलाच्या नदीकडच्या अंगाला ते स्वतः चालायचे, पुलाच्या अगदी काठावरून, दोन्ही हात आडवे पसरून. बैल डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा, बाजूला काहीतरी उभं आहे म्हणून समजायचा, आणि चालायला लागायचा. सव्वीस वर्षांत मी या पुलावर मंत्र्यांच्या गाड्या पाहिल्या, वराती पाहिल्या, पण बैलासाठी कठडा झालेला माणूस एकच पाहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी नाटकी माणूस आहे हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलंच असेल. बोरखेडीच्या गणपतीत दरवर्षी आम्ही नाटक करतो, आणि माझी भूमिका वर्षानुवर्षं ठरलेली: किल्लेदार. आमच्या सुताराने प्लायवूडचा उचलता पूल केला आहे, दोन सायकलच्या चेनी लावून. पुढून असा रंगवलाय की खरे दगड वाटावेत. मी बुरुजावरून गरजायचो, "पूल उचला!" आणि पूल कुरकुरत वर जायचा. एका वर्षी चेन तुटली आणि पूल दाणकन शत्रूच्या सेनापतीच्या पायावर पडला. तो पाय धरून ओरडत असताना मी संवाद सोडला नाही. लोक अजून सांगतात. नाटक बसवणारे गुरुजी आम्हाला शिकवायचे, "पूल वर गेला की बाहेर जो राहिला तो शत्रू. प्रेक्षकाले दुसरं काही सांगावं लागत नाई." मला ते वाक्य तेव्हा फार आवडायचं.

रपट्याच्या साखळ्या मात्र खऱ्या, दोन, दोन काठांना. पुलाच्या तिसऱ्या खांबावर रंगाच्या खुणा आहेत. पांढऱ्याला पाणी लागलं की शिट्टी, पिवळ्याला लागलं की साखळ्या. लाल म्हणजे पाणी पाटीवर. पिवळ्यापासून लालपर्यंत यायला पाण्याला कधी अर्धा तास लागतो, कधी दोन तास, कधी ते येतच नाही, तोंड दाखवून परत जातं. पण कधी काय करेल ते सांगता येत नाही, म्हणून पिवळ्यालाच बंद. इथे कडक ऊन असलं तरी वरच्या अंगाला पाऊस झाला की पाणी येतं. आधी त्याचा रंग चहासारखा होतो, मग फेस येतो, मग काडीकचरा. आवाज बदलला की मी चौकीतून बाहेर येतो.

साखळ्या लावायची पद्धत मारोतीमामांनी घालून दिलेली. आधी पलीकडची लावायची. मग पूल रिकामा आहे की नाही बघत परत यायचं, मग अलीकडची. याचं कारण सरळ आहे. साखळी लावणारा माणूस एकच, हाताखालची तिघं दुसऱ्या रस्त्यांवर, आणि चौकी, फोन, माझं घर, घरातला चहा, सगळं अलीकडे. आणि मामांचा दुसरा नियम असा: "घरी चालला त्याले अडवू नोको. घरून निघाला त्याले सोडू नोको." घरी जाणारा सुखरूप घरी जाईल, आणि निघालेला माणूस मागे फिरला तर त्याला त्याचं घर आहेच. माणुसकीचा नियम आहे. मी तो वीस वर्षं पाळला आणि कोणी बुडालं नाही. हा माझा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

या नियमाशी भांडायला मात्र फार लोक यायचे. एकदा एक मोठे साहेब मोठ्या गाडीतून आले. पाणी पाटीवरून वीतभर वाहत होतं.

"साखळी काढ," म्हणाले. "एवढ्या पाण्यात ही गाडी आंघोळपण करत नाही."

मी म्हटलं, "साहेब, पाणी वीतभर हाय, पन त्याच्याखाली पूल हाय का नाई ते मले बी दिसत नाई."

"मी बघतो ना!"

तेव्हा मला एकदम सुचलं. चौकीसमोर बायकोने सुकायला ठेवलेलं एक कोहळं होतं, म्हणजे लाल भोपळा, घागरीएवढं. मी ते उचललं, साखळीच्या पुढे गेलो, पाटीवरच्या पाण्यात अलगद ठेवलं. ते दोनदा गरगर फिरलं आणि जे गेलं ते खाली धारेत दिसेनासं झालं. मी हात जोडून म्हटलं, "साहेब, आता तुमी." काठावरचे लोक खो खो हसले. साहेबांनी गाडी वळवली. त्या दिवसापासून कोहळ्याचा प्रयोग हा माझा हुकमी प्रवेश झाला. बायको म्हणायची, "तुमच्या नाटकापायी घरात भाजीले कोहळं राह्यत नाई." पण पिवळ्याला पाणी लागलं की मी एक कोहळं काखेत मारूनच पलीकडे जायचो. भांडणं पलीकडेच जास्त व्हायची. तेव्हा मला वाटायचं, पारडीचे लोक जरा भांडखोर आहेत.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला बसलो तो दिवस सांगतो.

श्रावणभाऊंची थोरली मुलगी प्रज्ञा. पारडीतून कॉलेजला जाणारी पहिली पोरगी. सकाळी सायकलवरून रपटा ओलांडताना रोज "काका, पाणी कुठवर?" विचारायची आणि मी रोज काहीतरी खोटं सांगायचो. "गुडघ्यापर्यंत. माझ्या नाई, बेडकाच्या." तिने आरोग्यसेविकेच्या जागेची परीक्षा दिली होती आणि पास झाली होती. आता फक्त वर्ध्याला जाऊन मूळ कागदपत्रं तपासून घ्यायची राहिली होती. तारीख एकच. त्या दिवशी हजर नसेल त्याचं नाव कटणार आणि खालच्या नंबराला बोलावणार, असं पत्रातच लिहिलेलं होतं. श्रावणभाऊंनी ते पत्र मला चौकीत आणून दाखवलं होतं. दोनदा वाचून दाखवा म्हणाले होते. म्हणजे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

ऑगस्टचा शेवट होता. सकाळचे साडेआठ, वर निळं आभाळ. पाण्याचा आवाज बदलला म्हणून बाहेर आलो तर पाणी पिवळ्याला टेकत होतं. कोहळं काखेत घेतलं, लाल झेंडी घेतली आणि पलीकडे गेलो. साखळी लावली, कुलूप घातलं, तेवढ्यात प्रज्ञा आली. सायकल नव्हती. निळा पंजाबी ड्रेस, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद, त्यावर आणखी एक पिशवी.

"काका, मले जाऊ द्या. साडेनऊची गाडी हाय अल्लीपूरहून."

"पोरी, साखळी लागली."

"आत्ता लागली ना. पाणी तं खालीच हाय."

पाणी खालीच होतं. पाटी कोरडी होती. कोरड्या पाटीवर ऊन पडलेलं होतं. पण समोर, बोरखेडीच्या काठावर, पाच-सहा गाववाले पूर बघायला जमले होते, आणि माझ्या काखेत कोहळं होतं. मला वाटतं, ते कोहळंच नडलं. मी आवाज चढवला. किल्लेदाराचा आवाज. "घरी चालला त्याले अडवू नोको, घरून निघाला त्याले सोडू नोको! हा मारोतीमामाचा कायदा हाय!" असं म्हणून मी कोहळं दोन्ही हातांनी वर धरलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि खाली नदीत टाकलं. ते पुलाखाली गेलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलंच नाही. बोरखेडीच्या काठावरून टाळ्या आल्या.

प्रज्ञा हसली नाही. टाळ्याही तिला ऐकू आल्या नसाव्यात. ती म्हणाली, "काका, आजच तारीख हाय."

मी काही बोलायच्या आत तिच्या मागून मोटारसायकलचा हॉर्न वाजला. बोरखेडीचे दादाराव. आमच्या गावचे, पारडीत म्हशीचं बघायला गेले होते. "बबन, काढ लवकर. बायको वाट पाहून राह्यली." मी कुलूप काढलं, साखळी खाली केली, दादाराव निघून गेले, मी साखळी पुन्हा लावली. माझ्या हातांनी हे इतक्या सहज केलं की मला त्यात काही वाटलंच नाही. दादाराव घरी चालले होते. नियमात बसत होतं.

मग मी प्रज्ञाला म्हटलं, "घरी जा. पानी उतरलं का मी स्वतः आवाज देतो." आणि वळलो, आणि पूल रिकामा आहे की नाही बघत, एकशे चाळीस पावलं चालत घरी आलो.

वाचकहो, तुम्हाला ते कधीच दिसलं असेल. मला ते त्या दिवशी दिसलं नाही. जो पूल मी तिच्यासाठी बंद केला होता त्याच पुलावरून, त्याच मिनिटाला, मी चालत गेलो. ती माझ्याबरोबर चालत आली असती तर एक पाऊलसुद्धा जास्त लागलं नसतं. तिच्या नदीकडच्या अंगाला मला नुसतं चालायचं होतं. तिच्या बापाने बैलासाठी केलं होतं तेवढंच.

त्यानंतर पाणी पाटीवर यायला पावणेदोन तास लागले. चौकीतल्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. त्या पावणेदोन तासांत ती साखळीजवळ उभी होती. मला ती चौकीच्या खिडकीतून दिसत होती. मी एकदा हात केला, तिने केला नाही. मग पाणी वर आलं आणि मग खरंच कोणाच्या हातात काही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं. ती पहिली पूल ओलांडून गेली. दुपारी अल्लीपूरहून पायीच परत आली. मी विचारलं, "काय झालं, पोरी?"

ती म्हणाली, "झालं."

एवढंच. पिशवी तशीच होती, कागदावर एक थेंबही पडलेला नव्हता.

महिन्याभराने श्रावणभाऊ चौकीत आले. खालच्या नंबराला ऑर्डर मिळाली होती. मी काहीतरी पुटपुटायला लागलो तर त्यांनीच माझी समजूत घातली. "तुमचं काय चुकलं भाऊ? नदीच आली. प्रज्ञा बी तेच म्हनते, बाबा, नियम होता, काका काय करन." मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो फुंकून फुंकून प्यायला. माणूस शिव्या देऊन गेला असता तर मी त्या रात्री जेवलो असतो.

प्रज्ञाने पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली, थोड्या मार्कांनी राहिली. मग श्रावणभाऊंनी तिला शिलाई मशीन घेऊन दिलं. आणि मी? मी पुढचे दोन पावसाळे आधी पलीकडची साखळी लावत राहिलो. कोहळं मात्र घेऊन जायचं बंद केलं. लोक विचारायचे, "बबनभाऊ, कोहळं कुठं?" मी म्हणायचो, "महाग झालं." खरं म्हणजे मला कळलं होतं आणि तरी मी बदललो नव्हतो. सव्वीस वर्षांची सवय होती म्हणावं, तर तेव्हा तेवढी वर्षंही झाली नव्हती. चौकी अलीकडे, घर अलीकडे, एवढंच खरं कारण.

त्यातल्या दुसऱ्या पावसाळ्यात, गणपतीच्या नाटकात मला किल्लेदार दिला नाही. गुडघे दुखतात, बुरुजावर चढायला नको, म्हणून गुरुजींनी मला निरोप्या केला. निरोप्या बाहेरून येतो, पूल वर गेलेला असतो, तो खंदकाच्या पलीकडून हाक मारतो. तालमीत मी पहिल्यांदा त्या बाजूला उभा राहिलो. पूल कुरकुरत वर गेला आणि माझ्यासमोर त्याची खालची बाजू आली. तिला रंगच नव्हता. कच्चं प्लायवूड, त्यावर दुकानाचा शिक्का, ठोकलेले खिळे बाहेर आलेले. इतकी वर्षं मी त्या पुलाची फक्त दगडाची बाजू पाहिली होती. मी सुताराला विचारलं, "अरे, इकडून काऊन नाई रंगवला?"

तो म्हणाला, "इकडून कोन पाह्यते, भाऊ?"

मी माझा संवाद विसरलो. गुरुजींनी तीनदा आठवण करून दिली.

पुढच्या ऑगस्टमध्ये पाणी पिवळ्याला लागलं तेव्हा दुपारचे अकरा वाजले होते. मी आधी अलीकडची साखळी लावली. दादाराव तिथेच उभे होते.

"बबन, भुललास काय बे? उलटं चालला!"

"उलटं नाई. दुसऱ्या बाजूनं."

"आन् मंग येशील कसा?"

"पानी उतरलं का येतो."

"आन् जेवशील कुठं?"

याचा विचार मी केला नव्हता. मी चालायला लागलो. मागून दादाराव कोणाला तरी सांगत होते, "याच्या डोक्यावर परिनाम झाला. नाटकानं." पूल रिकामा होता. पलीकडे पोचलो तेव्हा साखळी उघडी होती आणि पारडीचे दोन मोटारसायकलवाले, एक बाजारातून परतलेली बाई आणि पोस्टमन, सगळे आपापल्या बाजूला पोचलेले होते. मी पलीकडची साखळी लावली. आता माझ्यासाठी ती अलीकडची होती. मागे वळून बघितलं तर बोरखेडी लांब दिसत होती. माझी चौकी, चौकीपुढे बायको. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले होते.

तासाभराने पाणी पाटीवर आलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरलं नाही. मी शाळेच्या ओसरीत बसलो होतो, श्रावणभाऊ येऊन हाताला धरून घरी घेऊन गेले. "मुकादम, तुमी इकडं? पूर आला असताना?" जणू काही पूरच माणसाचं रूप घेऊन आला होता. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. जेवण होईपर्यंत अंगणात अर्धी पारडी जमली. बाया, म्हातारे, सगळे. साखळीवाला माणूस पूर चढल्यावर या काठाला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. प्रज्ञा आतल्या दारापाशी मशीनवर बसली होती, कोणाचा तरी ब्लाउज शिवत. माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा पायडल मारायला लागली.

मी तिची माफी मागायची म्हणून चार ओळी पाठ करून ठेवल्या होत्या. नाटकी माणूस, तयारीशिवाय जात नाही. पण समोर एवढे लोक, आणि एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाप्पा, मंग तुमी घरी कसे जासान?" मग मी माझ्या मूळ स्वभावावर गेलो. ताटलीवर लाटणं आडवं ठेवलं. "हा रपटा." एका बाजूला पेला, दुसऱ्या बाजूला वाटी. "हे बोरखेडी, हे पारडी." मिठाचा खडा घेतला. "हा मी." खडा पेल्यापासून वाटीकडे नेला आणि परत पेल्याकडे आणला. "आतापावेतो मी आधी तुमच्या बाजूनं बंद करत होतो आन् घरी जात होतो. म्हनून तुमची साखळी आधी लागत होती, अन् त्याईची मांगून. आता एका पुराले तिकडून बंद करून इकडं राहीन, एका पुराले इकडून बंद करून तिकडं. ज्या पुराले मी इकडं, त्या पुराले पारडीचा मानूस शेवटपर्यंत घरी पोचते. अन् ज्या पुराले मी तिकडं जातो, त्या टायमाले काठावर कोनी थांबलं असन, तं मी चालत जातोच हाय, त्याले हाताले धरून संगं घेऊन जाईन. ना दुसरा मानूस पायजे, ना साहेबाची परवानगी. नुसतं बरोबर चालायचं हाय."

लोकांना पटलं. म्हातारा हसला. बायांमध्ये कुजबुज झाली. श्रावणभाऊ माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जणू मी त्यांना नवा पूलच बांधून दिला होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, टाळ्यांसारखं बरं वाटलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मशीनचा आवाज थांबलाय.

प्रज्ञा ताटलीकडे बघत होती. लाटणं, पेला, वाटी, मिठाचा खडा. पाय पायडलवर तसाच, हातात कापड तसंच. तीन वर्षं तिने बापाला सांगितलं होतं की नदी आली, नियम होता. श्रावणभाऊ घाईघाईने म्हणाले, "बेटा, काकाले चहा ठेव." पण ती उठली नाही, आणि कोणाला उद्देशून नाही, जसं पायात काटा रुतल्यावर तोंडातून निघतं तसं तिच्या तोंडून निघून गेलं:

"बस, एवढंच होतं काय?"